साखळी कोणी सोडली?

मनोविकारांच्या इतिहासावरील पुस्तकांत एक चित्र हमखास भेटते. तोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकाराने ते १८७६ साली रंगवले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचे आवार, वेड्या ठरलेल्या बायका, आणि त्यांच्यात उभे असलेले डॉक्टर फिलिप पिनेल. एक बाई वाकून डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेते आहे. पण नीट पाहिले, तर जवळच्या तरुणीच्या अंगावरचे बंधन डॉक्टर सोडत नाहीत, दुसराच एक माणूस सोडतो आहे. चित्राच्या नावात मात्र पिनेल तेवढे आहेत. आज बोलायचे आहे ते त्या दुसऱ्या माणसाच्या कामाविषयी.

ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ याचा जन्म १७४५ चा. धंदा कातडी कमावण्याचा. आपल्याकडे जन्मला असता तर त्याचे घर गावकुसाबाहेरच असते. १७७१ मध्ये गंडमाळेने आजारी होऊन तो पॅरिसजवळच्या बिसेत्रमध्ये आला. बिसेत्र हे नुसते रुग्णालय नव्हते. भिकारी, म्हातारे, कैदी आणि वेडे, सगळे एकाच आवारात कोंबलेले असत. प्युसँ बरा झाला आणि तिथेच कामाला राहिला. पुढे असाध्य समजल्या जाणाऱ्या वेड्यांचा विभाग त्याच्या हाती आला. त्याची पत्नी मार्गरीत हीही त्याच्याबरोबर राबत होती.

या नवरा-बायकोने वैद्यकाचे कुठलेही पुस्तक वाचलेले नव्हते. त्यांनी माणसे वाचली. कोण कधी बिथरतो, कोण कुठल्या शब्दाने शांत होतो, कोण अन्न का नाकारतो, हे त्यांनी रोजच्या सहवासात टिपून ठेवले. प्युसँने पहिला नियम केला तो रुग्णांसाठी नव्हे, नोकरांसाठी. रुग्णावर हात उगारायचा नाही. नोकर बिथरले. अशाने आमच्या जिवाला धोका आहे, असे म्हणत ते त्याच्यावर उलटले. प्युसँ हटला नाही. एकेक करून बहुतेकांना त्याने काढून टाकले. बऱ्या होत आलेल्या रुग्णांना सेवक म्हणून घ्यावे, अशीही तिथली रीत होती. ज्याने ते दुःख भोगले आहे त्याचा हात सहसा निर्दय होत नाही, हे त्यामागचे साधे गणित.

पिनेल बिसेत्रमध्ये आले १७९३ मध्ये आणि १७९५ मध्ये साल्पेत्रिएरला गेले. बिसेत्रच्या साखळ्या निघाल्या १७९७ मध्ये, म्हणजे डॉक्टर तिथून गेल्यावर दोन वर्षांनी! त्या काढल्या प्युसँने. त्यांच्या जागी त्याने बाह्या बांधता येणारा जाड कापडी अंगरखा आणला. तोही बंधच, हे खरे. पण तो घालून माणसाला अंगणात फिरता येत होते. भिंतीला जखडलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ‘जुनून’ आणि ‘जंजीर’ ही जोडी फार लाडकी. शेकडो वर्षे आम्ही वेड्याच्या पायातली साखळी पैंजणासारखी वाजवत आलो. खऱ्या साखळीखालची कातडी सोलते, तिथे जखम चिघळते, हे शेरात येत नाही. आपला मराठीतला ‘आजार’ हा शब्दही फारसीतूनच आला, आणि ‘बीमारिस्तान’ हा रुग्णालयासाठीचा शब्दही फारसीच. कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलावूनने बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती. पुढे अरबी बोलीत त्या शब्दाचा आखूड झालेला ‘मारिस्तान’ नुसता वेड्यांच्या इस्पितळासाठी वापरात आला. शब्दांच्या नशिबीही घसरण असते.

पिनेल यांच्यावर अन्याय करण्याचे कारण नाही. १८०१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्युसँ दांपत्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, आणि १८०२ मध्ये प्युसँला साल्पेत्रिएरला आपल्याजवळ आणवून घेतले. प्युसँ १८११ मध्ये वारला. साखळ्या पिनेल यांनी तोडल्या ही कथा रंगवली ती त्यांच्या मुलाने, सिपियोंने, आणि शिष्य एस्किरोल यांनी. प्युसँने १७९७ मध्ये लिहून ठेवलेली निरीक्षणे इतिहासकार डोरा वाइनर यांनी उजेडात आणली ती १९७९ मध्ये. म्हणजे त्या कागदांना वाचक मिळायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली.

रुग्णाजवळ राहून मिळालेल्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचे की नुसती चाकरी, हा वाद प्युसँबरोबर संपला नाही. इंग्लंडमध्ये वेड्यांच्या सेवकांसाठी पहिले अधिकृत हस्तपुस्तक १८८५ मध्ये निघाले. तेही डॉक्टरांनी लिहिलेले. अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाउ या परिचारिकेने, नर्स आणि रुग्ण यांच्यातले नाते हेच उपचाराचे साधन आहे, असे मांडणारे पुस्तक लिहिले. हस्तलिखित १९४८ मध्ये तयार होते. पण सहलेखक म्हणून डॉक्टरचे नाव नसताना एका नर्सने असे पुस्तक काढावे, हे प्रकाशनाच्या जगाला पचेना. ते छापले गेले १९५२ मध्ये. पेप्लाउ विद्यार्थिनींना रुग्ण काय बोलला आणि आपण काय बोललो, हे शब्दशः लिहून काढायला लावीत. स्वतःचे बोलणे कागदावर वाचताना माणसाला कळते की आपण ऐकत नव्हतो, नुसते दटावत होतो. मला तरी हा अभ्यास कुठल्याही औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

साखळीची गोष्ट फ्रान्समध्ये संपली, असे समजू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याजवळ चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाच्या झावळ्यांच्या शेडला पहाटे आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण गेले. आमचे लोक तिथे श्रद्धेने आपली माणसे सोडून येत, दुवा मागत. दुवा मागण्याला माझी हरकत नाही. पण रात्री त्या माणसांजवळ जागे राहणारे, शिकलेले असे कोण होते, हे विचारायला हवे होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी केली. एकांत कोठडीही बंद केली. शारीरिक बंध घालायचाच, तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि कारणासह नोंद करून. परवानगी तज्ज्ञ देतात. खाटेशी त्या वेळी उभी असते ती रात्रपाळीची परिचारिका.