कांगांचे चेंबर : एका वकिली घराण्याविषयी

मराठी साहित्यात बॅरिस्टर भेटतो, पण त्याचे चेंबर फारसे भेटत नाही. जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर' या नाटकातला नायक बॅरिस्टर आहे. तरीही त्या पदवीचा अर्थ तिथे विलायत, उच्च शिक्षण आणि जुन्या वाड्यातले एकाकीपण एवढाच उरतो. सार्वजनिक जीवनातही 'बॅ.' हे अक्षर नावाआधी लावण्याचे भूषण राहिले: बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. बॅरिस्टर ज्या खोलीत बसून काम करतो, शिकतो आणि शिकवतो, त्या खोलीविषयी आपल्या समीक्षेला व चरित्रवाङ्मयाला विशेष कुतूहल वाटलेले दिसत नाही. वास्तविक विसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयातील अशा एका खोलीने भारतीय राज्यघटनेच्या अर्थनिर्णयनाला जे वळण दिले, ते भाषेच्या आणि संहितावाचनाच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. ती खोली म्हणजे सर जमशेटजी बेहरामजी कांगा (1875–1969) यांचे चेंबर.

प्रथम 'चेंबर' या शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. लंडनमध्ये लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांच्या परिसरात बॅरिस्टरांची चेंबर्स वाढली. तिथे प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र असतो, भागीदारी नसते. जागेचे भाडे आणि कामे वाटणारा मुख्य कारकून एवढेच सामाईक. एकाच चेंबरमधले दोघे एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहिले तरी त्यात कुणाला वावगे वाटत नाही. अमुक चेंबर करविषयक कायद्यासाठी, तमुक जहाजवाहतुकीच्या खटल्यांसाठी अशी त्यांची ख्याती ठरत जाते. मुंबईत मात्र ही संस्था आली तेव्हा तिला आपल्याकडच्या गुरुगृहाचे रूप आले. इथे एका ज्येष्ठाच्या नावाचे चेंबर असे आणि त्याच्याभोवती कनिष्ठ बसत. त्यांना ज्येष्ठाकडून वेतन नसे. कागदपत्रे वाचायची, तारखांचा क्रम लावायचा, जुने निवाडे शोधायचे, वादपत्राचा मसुदा करायचा, तो ज्येष्ठाने खोडला की पुन्हा करायचा आणि न्यायालयात त्याच्या मागच्या रांगेत बसून ऐकायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चाले. संगीतातल्या घराण्याशी या पद्धतीचे साम्य सहज जाणवते. फरक इतकाच की इथली तालीम ऐकणाऱ्यांत सॉलिसिटरही असत, आणि कुणाला काम द्यायचे हे त्यांच्या हाती असे.

हा सॉलिसिटर मुंबईच्या कायदेव्यवस्थेतला कळीचा माणूस होता. 1862 साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन बाजू होत्या. मुंबई शहरातले मोठे दिवाणी व व्यापारी दावे थेट जिथे दाखल होत ती मूळ शाखा. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी अपिले चालत ती अपील शाखा. मूळ शाखेवर पक्षकाराला वकिलाकडे सरळ जाता येत नसे. सॉलिसिटरमार्फतच जावे लागे. कापड गिरण्या, बँका, विमा कंपन्या, जहाजे यांचे काम तिथे, आणि पैसाही तिथेच. मराठी वकील बहुतांशी अपील शाखेवर. याज्ञवल्क्यस्मृती आणि व्यवहारमयूख यांची इंग्रजी आवृत्ती 1880 मध्ये सिद्ध करणारे विश्वनाथ नारायण मंडलिक हे त्या शाखेचे मानकरी. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे काशिनाथ त्र्यंबक तेलंग मूळ शाखेवर वकिली करीत, पण तो अपवाद म्हणूनच सांगावा लागतो. सॉलिसिटरची ही सक्ती 1976 च्या कायदेदुरुस्तीने संपली. म्हणजे आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत त्या जवळजवळ संपूर्ण काळात ती होती.

कांगा पारशी धर्मगुरूंच्या घरातले. 1922 ते 1935 अशी तेरा वर्षे ते मुंबई इलाख्याचे ॲडव्होकेट जनरल होते. हे पद सोडल्यावर ते निवृत्त झाले नाहीत. पुन्हा खासगी वकिलीकडे वळले, आणि चेंबरचा खरा बहर त्यानंतरचा आहे. त्या बहराला काळाची साथ होती हेही नोंदवले पाहिजे. 1922 चा आयकर कायदा तुलनेने नवा होता. दुसऱ्या महायुद्धात जादा नफ्यावरचा कर आला, दर चढले, आणि उद्योगपतींना ताळेबंद आणि कायद्याची कलमे दोन्ही वाचू शकणारा वकील हवासा वाटू लागला. कांगांच्या चेंबरने ही गरज ओळखली. आर. जे. कोला यांच्यासारखे करतज्ज्ञ याच खोलीतले. 1950 मध्ये कांगा आणि पालखीवाला यांच्या नावे आयकर कायद्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक आवृत्त्यांतून तो वकिलांच्या टेबलावर राहिला. त्या वेळी कांगा पंचाहत्तरीचे होते, तर सहलेखक तिशीचा.

या सहलेखकाकडे मराठी-इंग्रजीच्या प्राध्यापकांनी थोडे थांबून पाहावे. नानी पालखीवाला (1920–2002) लहानपणी तोतरे बोलत. सेंट झेवियर्समधून त्यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले आणि मुंबई विद्यापीठात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज केला. ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली आणि ते कायद्याकडे गेले. (आपल्या विभागांतल्या निवडसमित्यांनी देशावर केलेल्या उपकारांची यादी कुणी केली, तर हा उपकार वरच्या क्रमांकावर येईल.) चाळीसच्या दशकाच्या मध्यात ते कांगांच्या चेंबरमध्ये आले. करकायद्यासारख्या रुक्ष विषयात त्यांनी नाव काढले, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. करविषयक कलमात एका स्वल्पविरामावर लाखो रुपये अवलंबून असतात. शब्द नेमका काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे पाहण्याची सवय साहित्याच्या विद्यार्थ्याला असतेच. 1958 पासून ते अर्थसंकल्पावर जाहीर व्याख्याने देऊ लागले. सुरुवात एका हॉटेलच्या सभागृहात झाली, आणि पुढे श्रोते वाढत जाऊन ती ब्रेबोर्न स्टेडियमवर भरू लागली.

त्याच चेंबरमधले दुसरे मोठे नाव होरमसजी सीरवाई (1906–1996). त्यांची प्रकृती पूर्णपणे वेगळी: मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, स्वभावाने कठोर, तर्काच्या बाबतीत तडजोड न मानणारे. 1957 ते 1974 ते महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल होते, आणि 1967 मध्ये त्यांचा भारतीय राज्यघटनेवरील बृहद्ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. करकायदा आणि घटनाकायदा या दोन भिन्न शाखांतले दोन प्रमाणग्रंथ एका खोलीशी जोडलेले असावेत, ही त्या चेंबरच्या सामर्थ्याची सगळ्यात साधी मोजणी ठरेल.

पण माझ्या दृष्टीने खरी कसोटी 1972-73 ची. केरळातल्या एडनीर मठाचे अधिपती केशवानंद भारती यांनी जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांपुढे आली. प्रश्न असा होता: संसदेला राज्यघटना दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, पण तो किती? 31 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालेली सुनावणी 68 दिवस चालली. याचिकाकर्त्याच्या बाजूने पालखीवाला. केरळ सरकारच्या बाजूने सीरवाई. पालखीवालांना साहाय्य करणाऱ्यांत सोली सोराबजी (1930–2021) होते, तेही कांगांच्याच चेंबरचे. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या खटल्यात दोन्हीकडचे प्रमुख आवाज एकाच तालमीतून आलेले. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला की संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही.

इथे मतभेद 'दुरुस्ती' या एका शब्दाच्या अर्थाचा होता, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. दुरुस्ती या शब्दात मूळ वस्तू ओळखता येण्याइतकी शिल्लक राहणे गृहीत आहे काय? पालखीवालांचे उत्तर होय असे होते, आणि सीरवाईंच्या मते घटनेने असे बंधन कुठेही लिहिलेले नव्हते. एक संहितेच्या आशयावर भर देतो, दुसरा तिच्या अक्षरावर. साहित्यसमीक्षेत आपण हा वाद अनेकदा घालतो. फक्त आपल्या वादाने कुणाची जमीन जात नाही. पुढे आणीबाणी आली. पालखीवालांनी इंदिरा गांधींच्या निवडणूक अपिलाचे काम परत केले आणि नोव्हेंबर 1975 मध्ये केशवानंद निर्णयाच्या फेरविचाराला यशस्वी विरोध केला. कांगांच्या चेंबरमध्ये 1950 साली आलेले फली नरिमन (1929–2024) तेव्हा केंद्राचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी राजीनामा दिला. आणि ज्या सीरवाईंनी केशवानंद खटल्यात विरोधी बाजू लढवली, त्यांनी 1978 मध्ये आणीबाणी व हेबियस कॉर्पस निर्णयावर टीकाग्रंथ लिहिला, आणि आपल्या बृहद्ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत मूलभूत ढाच्याचे तत्त्व मान्यही केले. चेंबरने या मंडळींना एक मत दिले नव्हते. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, एवढी एक रीत दिली होती.

आता या ख्यातीची दुसरी बाजू. चेंबरमध्ये प्रवेशाला शुल्क नव्हते, पण अनेक वर्षे उत्पन्नावाचून मुंबईत राहण्याची ऐपत लागे, अस्खलित इंग्रजी लागे आणि सॉलिसिटरांशी ओळख लागे. या तिन्ही गोष्टी कुणाकडे होत्या हे कांगांच्या कनिष्ठांची आडनावे वाचली तरी कळते. 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1923 मध्ये मित्र नवल भथेना यांच्या मदतीने सनद घेऊन मुंबईत वकिलीला उभे राहिले. त्याच वेळी कांगा ॲडव्होकेट जनरल होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या या बॅरिस्टरला सॉलिसिटरांकडून मूळ शाखेची कामे मिळाली नाहीत. जातीची भिंत तिथेही होती. ते अपील शाखेवर आणि जिल्ह्यांच्या न्यायालयांत गेले, आणि जोडीला 1925 ते 1928 बाटलीबॉयांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत राहिले.

त्यामुळे त्यांच्या वकिलीचा विस्तार वेगळ्या दिशेने झाला. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर व केशवराव जेधे यांच्यावर झालेल्या बदनामीच्या खटल्यात 1926 मध्ये पुण्याला त्यांनी अपील चालवले आणि आरोपी सुटले. 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहातील आरोपींची बाजू त्यांनी मांडली. 1934 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते र. धों. कर्व्यांचे वकील होते. तो खटला ते हरले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला या तीन प्रकरणांतली किमान दोन टाळता येत नाहीत, आणि त्यांतले एकही मूळ शाखेवरच्या चेंबरकडे गेले नसते. 1935 मध्ये कांगांनी ॲडव्होकेट जनरलपद सोडले, त्याच वर्षी आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पालखीवाला पुढे त्याच महाविद्यालयात शिकले.

आमच्या देऊळगाव राजापासून हे सारे जग दूरच. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताशी जोडलेला असल्याने इथले अपील नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे आणि 1936 नंतर नागपूर उच्च न्यायालयाकडे जाई. 1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. शेजारच्या जालन्याचा पक्षकार आज औरंगाबाद खंडपीठाकडे जातो, आमचा मात्र नागपूरलाच. विदर्भातही चेंबरची परंपरा होती, फक्त तिच्यावर कुणी पुस्तके लिहिली नाहीत. 2025 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले अमरावतीचे भूषण गवई यांनी 1985 मध्ये वकिली सुरू केली ती बॅ. राजा भोसले यांच्याकडे. भोसले हे माजी ॲडव्होकेट जनरल आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांच्यासारख्यांच्या खोलीत काय शिकवले जाई, मसुदा कसा खोडला जाई, खेड्यातून आलेल्या पक्षकाराशी कोणत्या बोलीत बोलले जाई, हे मराठीत लिहिले जायला हवे. तिथे बसलेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि ती मराठीतच सांगतील.