राजाने दिलेली फुलबाग

कागलजवळच्या बामणी गावचा शके १०७३ चा शिलालेख सांगतो, की शिलाहार राजा विजयादित्याने पार्श्वनाथाच्या बस्तीसाठी शेत आणि घराबरोबर फुलबागही दान दिली. म्हणजे अष्टद्रव्यातले पुष्प जवळच्याच मातीतले, ऋतूप्रमाणे फुललेले असणार. पुढे उत्तरेत तेरापंथी श्रावकांनी हिंसा टाळण्यासाठी ताज्या फुलांऐवजी केशरी अक्षता वाहिल्या. आपल्याकडे बीसपंथी रीत टिकली.

फुलांचा छोटा व्यवसाय करताना मला दोन्ही विचार सोबतीला लागतात. उन्हाळ्यात मोगरा, दिवाळीला झेंडू-शेवंती. तेही जवळच्या मळ्यातून, मागणी असेल तेवढेच. वाया गेलेले फूल ना देवाच्या कामी येते, ना पोटाच्या. मागे उरते ती नुसती हिंसा.