सनावळीचा रस्ता

परवा उमरखेडला ताईकडे गेलो होतो. भाची शाळेच्या प्रकल्पासाठी वऱ्हाडच्या सनावळ्या घोकत बसली होती. तोंड चालू, डोळे टीव्हीकडे. मीही असंच घोकलंय आणि पेपर दिल्यावर विसरलोय. पण महिन्याचे दिवस मात्र आजही मुठीवर मोजतो. उंचवटा एकतीस, खळगा तीस (फेब्रुवारीची भानगड सोडा). एवढंच का टिकलं? कारण ते डोळ्यांना दिसतं.

मार्क ट्वेनलाही भाषणातले मुद्दे आठवायचे नाहीत, म्हणून तो त्यांची चित्रं काढायचा. पुढे मुलींना इंग्लंडचे राजे पाठ होईनात, तेव्हा 1883 च्या उन्हाळ्यात त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या शेतघराजवळ वर्षाला एक फूट या हिशेबाने 817 फूट रस्ता मोजला. म्हणजे 1066 पासून 1883 पर्यंत! जिथे नवा राजा आला तिथे खुंटी. तिसऱ्या रिचर्डला जेमतेम 2 फूट, तिसऱ्या जॉर्जला 60. ही हकीकत छापून आली 1914 मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी.

म्हटलं, आपणही करून बघू. घरासमोरच्या गल्लीत खडू घेऊन उतरलो. एक वर्ष म्हणजे एक पाऊल.

1853: निजामाने देण्यापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात दिला. भाचीने कर्जाची वही काढली. पुढे 50 पावलं, 1903: वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला. दोन दोऱ्यांची गाठ. आणखी 27 पावलं, 1930: शेजारच्या पुसदला लोकनायक अणेंचा जंगल सत्याग्रह. विळा आणि गवत. 17 पावलांवर 1947 चा झेंडा. तिथून 3 पावलांवर 1950, मध्य प्रांत-वऱ्हाडचं नाव मध्य प्रदेश झालं. मग 6 पावलांवर 1956, विदर्भ मुंबई राज्यात. आणि 4 पावलांवर 1960, महाराष्ट्र!

"मामा, शेवटी शेवटी किती घाई झाली रे!" भाची म्हणाली. घोकताना हे तिला कधी कळलं असतं? सगळे आकडे सारखेच चार अंकी. त्यांच्यातलं अंतर पायांना कळतं.

एवढ्यात आजी ओट्यावरून उतरली. "माझं साल कुठं येते गं?" आजीचा जन्म 1951 चा, उमरखेडचाच. भाचीने तिला हाताला धरून 1950 च्या एक पाऊल पुढे उभं केलं आणि ओरडली, "आजी, तू तर मध्य प्रदेशात जन्मलीस!"

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "गाव हेच, घर हेच. अन् मले कोणी सांगितलंच नाही!"

चित्रं लक्षात राहतात हे खरंच. पण त्यांच्यामध्ये आपल्या माणसाला उभं केलं, की तो इतिहास आपला होतो. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि खडू वाहून गेला. भाचीला मात्र सगळी सालं ओळीने आठवत होती, फक्त 1951 ला ती "आजी" म्हणत होती :-)