दहा तासांचा हिशोब

गाडी शिकायचीय, क्लास कोणता लावू, असं बऱ्याच जणींनी विचारलंय. उत्तरासाठी आम्हांला थोडं मागं जावं लागेल.

देशभरासाठी मोटारींचा पहिला कायदा आला १९१४ साली, त्याच्या जागी दुसरा १९३९ साली. लायसन्ससाठी चाचणी होती, पण शिकायचं कुणाकडं? ट्रकवर क्लीनर म्हणून राहायचं, गाडी पुसत पुसत हात बसवायचा, ही पुरुषांची शाळा. बाईला कोण क्लीनर ठेवणार? आपल्याला शिकवणार नवरा नाहीतर भाऊ, तेही घरात गाडी असेल तर, आणि गिअर अडकला की ओरडणार!

परभणीकडच्या शीला डावरे यांनी पुण्यात रिक्षा चालवायला घेतली १९८८ साली. आजचा मोटार वाहन कायदाही त्याच सालचा. त्याच्या १९८९ च्या नियमांत ड्रायव्हिंग स्कूल कसं असावं ते लिहिलंय. शिकवणारा दहावी पास, पाच वर्षं गाडी चालवलेला. कारमध्ये त्याच्या पायाशीही ब्रेक. शिकणारीची नोंद वहीत. आणि स्टिअरिंग तिच्या हातात कमीत कमी दहा तास. धंद्याच्या गाडीला पंधरा.

आमच्या गटातल्या एकीला क्लासवाल्यानं चार दिवस अर्धा अर्धा तास फिरवलं आणि म्हणाला, "लायसन्सचं आम्ही बघतो, ताई." तिनं दहा तासांचा नियम पुढं केला, तेव्हा कुठं उरलेले तास मिळाले. नसते मिळाले तर घाटात गाडी मागं घसरताना ते लायसन्स काय कामाचं?

म्हणून फी भरण्याआधी स्कूलचा परवाना बघा, तास कागदावर लिहून घ्या. शिकवायला बाई मिळाली तर उत्तमच. पण आम्ही तरी तास आधी मोजू.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्की चाचणी देता येत नाही. तेवढ्या दिवसांत चढावर थांबून गाडी काढणं आणि रिव्हर्स पक्कं करा. बायका तिथंच घाबरतात. पुरुषही घाबरतात, सांगत नाहीत एवढंच.

धंद्याच्या गाडीसाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. गटाचा टेम्पो चालवायला आता शाळेचा दाखला आड येत नाही. रस्त्याच्या खुणा मात्र ओळखाव्या लागतात. पुढच्या भागात त्या एकेक करून घेऊ.