विदा (त्रुबादूर चरित्रे)

विदा म्हणजे दक्षिण फ्रान्समधील त्रुबादूर कवींची ऑक्सितान भाषेतील संक्षिप्त गद्य चरित्रे. ती प्रामुख्याने १३व्या शतकात, अनेक कवींच्या निधनानंतर, रचली गेली. हस्तलिखितांत त्या-त्या कवीच्या रचनांपूर्वी विदा आढळते. जन्मस्थान, कुळ यांविषयीची माहिती बरेचदा ग्राह्य असते. प्रेमकथा मात्र सावधपणे वाचाव्या लागतात. ब्लाय येथील जोफ्रे रुदेल त्रिपोलीच्या काउंटेसवर, तिला न पाहताच, यात्रेकरूंनी केलेली स्तुती ऐकून अनुरक्त झाला. समुद्रप्रवासात आजारी पडून अखेर तिच्याच बाहूंत त्याने प्राण सोडला, असे त्याची विदा सांगते. ही कथा त्याच्या काव्यातील ‘दूरस्थ प्रेमा’च्या कल्पनेवरूनच रचलेली आहे, असे प्रतिपादन गास्तों पारिस यांनी १८९३ मध्ये केले. तो समुद्रापार गेला होता, याला मात्र समकालीन कवी मार्काब्रू याच्या एका रचनेचा आधार मिळतो.