बाळाची कावीळ आणि निळा दिवा



गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. नात जन्मून चार दिवस झालेले. अंगावर पिवळेपणा चढला म्हणून डॉक्टरांनी तिला निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं होतं. गाडीभाडं आणि तिथल्या वरखर्चाला आजीला तीन हजार रुपये हवे होते. कर्जाला कुणाचीच ना नव्हती. पण वहीत कारण लिहायची वेळ आली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ट्यूबलाइटखाली ठेवायला कसले पैसे? घरात आहे की ट्यूब!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी जाताना मात्र वाटेत लक्षात आलं, की मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तहांच्या तारखा पाठ केल्या, पण आपल्या बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास कुठल्या पेपरात नव्हता. म्हणून या वेळी तोच शोधला.

आधी कावीळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मल्यावर त्या भराभर मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तो शरीराबाहेर घालवायचं काम यकृताचं, आणि नवजात बाळाचं यकृत सुरुवातीचे काही दिवस संथ चालतं. म्हणून पुऱ्या दिवसांच्या १०० बाळांपैकी साधारण ६० बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ८० पर्यंत जातं. बहुतेकांचा पिवळेपणा आपोआप ओसरतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र बिलिरुबिन इतकं वाढतं, की ते मेंदूत शिरतं. एकदा तिथे इजा झाली की ती भरून येत नाही.

हे माणसाला हळूहळूच कळलं. फ्रान्समध्ये बोम नावाच्या डॉक्टरांनी १७८५ साली नवजात बाळांच्या कावीळीवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दहा बाळांची हकिगत दिली, आणि त्यातलं एक बाळ म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. बाळाची पहिली काळी शी उशिरा होते म्हणून कावीळ होते, असं त्यांचं मत होतं, आणि आईचं दूध हाच सगळ्यात चांगला उपाय, असंही ते सांगत. कारण पूर्ण बरोबर नव्हतं, पण दुधाचं खरंच आहे. बाळ लवकर आणि वारंवार प्यायलं की शी होते आणि तिच्याबरोबर पिवळं बाहेर पडतं. आपल्याकडे कित्येक घरांत पहिला चीक पिळून टाकत आणि तीन दिवस मधाचं नाहीतर साखरेचं पाणी चाटवत. अजूनही चाटवतात, लपवू नका.

पुढे १८७५ साली जर्मनीत ओर्थ नावाच्या डॉक्टरांनी कावीळीने गेलेल्या बाळाचा मेंदू तपासला, तर आत खोलवर पिवळे डाग दिसले. पिवळेपणा कातडीपुरता नसतो याचा तो पुरावा होता. पण पुढची कितीतरी वर्षं हातात उपाय नव्हता. १९४० च्या दशकात रक्त बदलण्याची पद्धत रुळली. नाळेच्या शिरेतून बाळाचं रक्त थोडं थोडं काढायचं आणि दुसरं रक्त थोडं थोडं भरायचं. त्याने बाळं वाचू लागली, पण मूठभर जिवावर हा केवढा खटाटोप! आई निगेटिव्ह रक्तगटाची आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर हा धोका जास्त. त्यासाठी बाळंतपणानंतर आईला देतात ते इंजेक्शन १९६८ पासून मिळू लागलं.

आता मावशींच्या ट्यूबलाइटकडे येते. साल १९५६. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाच्या प्रमुख सिस्टर वॉर्ड होत्या. आडनावच वॉर्ड. या बाईंचं ठाम मत होतं, की पेटीतल्या कोंदट, गरम हवेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना जास्त मानवतं. उन्हाळ्यात चांगलं ऊन पडलं की त्या नाजूकातली नाजूक बाळं अंगणात नेत.

एके दिवशी डॉक्टरांची फेरी आली तेव्हा सिस्टरनी जरा बिचकतच एक उघडं बाळ दाखवलं. सगळं अंग फिकट पिवळं, आणि त्यावर एक त्रिकोण मात्र गडद पिवळा, कडा अगदी रेघ मारल्यासारख्या. डॉक्टरांना वाटलं सिस्टरनी काहीतरी औषध लावलंय. त्यांनी तसं विचारलंही. सिस्टर म्हणाल्या, हे उन्हामुळे झालं असावं. डॉक्टरांना ते पटेना, ऊन लागून कातडी काळवंडायलाही दिवस लागतात. सिस्टर आणखी अवघडल्या, पण त्यांनी सांगितलं: बाळाला कावीळ आहे, त्रिकोणावर चादरीचं टोक आलं होतं, तिथला रंग तसाच राहिला आणि बाकीचं अंग उजळलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि विषय तिथेच राहिला.

काही आठवड्यांनी दुसराच प्रकार घडला. कावीळ झालेल्या एका बाळाच्या रक्ताची नळी तपासणीआधी काही तास उन्हात पडून राहिली. तपासलं तर बिलिरुबिनचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी. तेव्हा सिस्टरचा त्रिकोण आठवला! मग डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांना थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून आधी आणि नंतरचं रक्त तपासलं. आकडा खरंच उतरत होता. पण इंग्लंडच्या उन्हाचा काय भरवसा? म्हणून त्यांनी पाळण्यावर निळ्या ट्यूबांची कमान बसवली. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात दिसतो त्या दिव्याची ती पणजी म्हणायची.

१९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. लेखक म्हणून तीन नावं होती, क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स. सिस्टर वॉर्ड त्यात नव्हत्या. त्यांची हकिगत डॉ. डॉब्स आणि डॉ. क्रेमर यांनी १९७५ साली लिहून ठेवली, म्हणून मला आज तुम्हाला सांगता येते. आपल्या गटांची कामंही अशीच होतात. करते एक आणि कागदावर येते दुसरी. असो. अमेरिकेला हा उपाय पटायला आणखी दहा वर्षं लागली. तिथे डॉ. लुसी यांनी १९६८ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मग दिवा जगभर पसरला.

दिवा करतो काय? निळा उजेड कातडीत शिरून बिलिरुबिनचा आकारच बदलतो. बदललेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळतं आणि यकृताची वाट न बघता शी-शूवाटे निघून जातं. घरच्या पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा उजेड थोडाच असतो, आणि ती टांगलेली असते वर भिंतीला. दवाखान्यात दिवा बाळापासून हातभर अंतरावर असतो. अंग उघडं असतं, डोळ्यांवर पट्टी असते, मधे मधे अंगावर पाजतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. मावशी, फरक तो हा.

आता तुमच्या मनात आलं असेल, की आमच्या आज्या कोवळ्या उन्हात बाळ धरायच्या ते बरोबरच होतं की! मलाही तसंच वाटायचं. म्हणून एक घरातली गोष्ट सांगते.

माझ्या धाकट्या जावेला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणला. बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकीला गोधडी, दाराला पडदा, झिरोचा पिवळा बल्ब. बाळ कुंची-दुपट्यात गुंडाळलेलं, दिसतं तेवढं नाक. जाऊ दोनदा म्हणाली, "ताई, हा पिवळा दिसतोय का हो?" मी त्या बल्बच्या उजेडात बघितलं आणि म्हणाले, "होते अशी कावीळ. सकाळचं ऊन दाखव, उतरेल." सकाळी दहा मिनिटं उंबऱ्यात बसायचं, तेही बाळ गुंडाळलेलंच. सहाव्या दिवशी बाळ दूध प्यायला जागं होईना. शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा दिव्यावर भागण्यासारखं राहिलं नव्हतं, रक्त बदलावं लागलं. आज तो चौथीत आहे. हुशार आहे, गणितात तर फारच. दोन्ही कानांना मशीन आहे. जाऊ मला कधी काही बोलली नाही.

उन्हात गुण आहे, पण ऊन मोजता येत नाही. उघडं बाळ उन्हात ठेवलं तर भाजतं नाहीतर गारठतं, आणि गुंडाळलेल्या बाळापर्यंत उजेड पोचतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे उपाय चालू आहे या समाधानात दिवस जातात. नायजेरियातल्या लागोस शहरात, जिथे वीज सारखी जाते, तिथे डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. उन्हातले हानिकारक किरण आणि उष्णता अडवणाऱ्या खास पडद्याचा मांडव उभारला आणि त्याखाली बाळं ठेवली. २०१५ साली त्याचे निकाल आले. दिव्याइतकाच गुण आला. पण तिथे प्रत्येक बाळाजवळ परिचारिका आणि रक्ताची तपासणी होती. उंबऱ्यात बसणं वेगळं.

सिस्टर वॉर्डसारखी नजर आपल्या राज्यातही तयार झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली तेही त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरात आशाताई घरी येतात त्या याच वाटेने: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या आल्या की सोवळं-सुतक मधे आणू नका, बाळ उघडून बघू द्या.

आणि तुम्हीही बघा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. कपाळावर नाहीतर छातीवर बोट हलकं दाबून उचललं की खालचा रंग कळतो. सावळ्या बाळाचं डोळ्यातलं पांढरं आणि हिरड्या बघा. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी निघा. बाळ सुस्त झालं, अंगावर ओढेना, किंचाळल्यासारखं रडू लागलं, मान मागे टाकू लागलं, तर रात्र आहे म्हणूनही थांबू नका. शी पांढुरकी होत असेल किंवा पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही राहिला असेल तर ती वेगळीच कावीळ असू शकते, तीही दाखवायची. माळ घालणं, कावीळ उतरवणं यात वेळ घालवू नका. आणि बाळाला जुनी कपडे घालण्याआधी ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येतो का बघा. काही बाळांच्या रक्तात जन्मजात एक उणीव असते, आणि त्या वासानेही त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ भडकते. सरकारी दवाखान्यात नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत. न्यायला-आणायला १०२ वर फोन करायचा.

ती नात दोन दिवस दिव्याखाली राहिली आणि घरी आली. आजीने पहिला हप्ता भरला तेव्हा मी वही उघडली. कर्जाच्या कारणाचा रकाना त्या दिवशी मोकळाच राहिला होता. मावशींनी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, 'निळ्या दिव्यासाठी'.