माकडवाल्याचा शब्द, माकडाचा कान

माकडाचा खेळ हा दक्षिण महाराष्ट्रातल्या भटक्यांचा जुना धंदा. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कृष्णा-पंचगंगेच्या काठी पसरलेल्या शिरोळ तालुक्यात घनदाट रान नाही. ते पश्चिमेला, राधानगरी-दाजीपूरकडे. त्यामुळे काळ्या मातीच्या या सपाट मुलखात डमरू वाजला की माकड आले, असे पोरांना कळे. माणसाचा शब्द माकडाला किती कळतो आणि माकडाला माणसासारखे का बोलता येत नाही, हे दोन्ही प्रश्न या खेळात रोज उभे राहत.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी जमातीखाली ‘माकडवाले किंवा कोंचीकोरवा’ अशी नोंद आहे. कैकाडी आणि कोरवा यांच्या बोली द्राविडी कुळातल्या, तमिळशी नाते सांगणाऱ्या. शिरोळची हद्द कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्याला भिडलेली. घरात आपली बोली, अलीकडच्या गावात मराठी आणि हद्दीपलीकडे कानडी असा या फिरस्त्यांचा व्यवहार. अशा पालातले मूल शाळेची पायरी न चढताही दोन-तीन भाषा उचलते. त्याच पालात वाढलेले माकड मात्र जन्मभरात एकही नवा स्वर शिकत नसे.

तरीही ते ऐकायला शिके. ‘सलाम कर’ म्हटले की हात कपाळाला जाई. ‘सासरला जातीस का?’ म्हटले की काठी खांद्यावर घेऊन ते दोन पायांवर चालू लागे किंवा रुसून बसे. यात निव्वळ शब्दाचे काम नव्हते. आवाजाचा चढउतार, दोरीचा हिसका, काठीचा धाक आणि खाऊची आशा मिळून ती खूण तयार होई. लहानपणीच आईपासून तोडलेले पिल्लू पोसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीकडे डोळे लावून असे. या कौशल्याची किंमत त्या प्राण्याने मोजली, हे विसरता येत नाही.

माकडाचा हा कान रानातही दिसतो. दक्षिण भारतातले नेहमीचे माकड म्हणजे डोक्यावर केसांची टोपी असलेले मकाका रेडिएटा. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. मराठीने वानराच्या नराला ‘हुप्प्या’ म्हटले, ते त्याच्या ‘हूप’ या घुमणाऱ्या आवाजावरून. बिबट्या दिसला की वानर वेगळाच, खोकल्यासारखा इशारा देतो आणि रानातले इतर प्राणी त्यावरून सावध होतात. उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोपीवाल्या माकडांना वानरांचे आणि सांबराचे इशारे ध्वनिमुद्रित करून ऐकवले. परक्या प्राण्याचे हे आवाज ऐकूनही माकडे सावध झाली.

माणसाची भाषा कशी उपजली यावर एके काळी इतके तर्क लढवले गेले की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने 1866 साली आपल्या नियमांतच या विषयाला मज्जाव केला. अमेरिकेतल्या रिचर्ड गार्नरने फोनोग्राफवर माकडांचे आवाज घेतले, ते त्यांना पुन्हा ऐकवून पाहिले आणि 1892 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याने काढलेले अर्थ टिकले नाहीत, पद्धत टिकली. केनियातल्या अंबोसेलीत थॉमस स्ट्रूसेकर यांनी 1967 साली व्हर्वेट माकडांचे इशारे वेगवेगळे नोंदवले. पुढे सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी 1980 साली ते ध्वनिमुद्रणाने तपासले. बिबट्याचा इशारा ऐकला की माकडे झाडावर चढत, गरुडाचा ऐकला की वर पाहत, सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळत.

व्हर्वेटची पिल्ले सुरुवातीला निरुपद्रवी पक्ष्यालाही गरुडाचा इशारा देतात. वाढत्या वयात नेमकेपणा येतो. म्हणजे आवाज बहुतांशी उपजत; तो कुठे काढायचा आणि ऐकल्यावर काय करायचे, हे अनुभवाने पक्के होते. पुढे एका प्रयोगात ऱ्हीसस आणि जपानी माकडांची पिल्ले एकमेकांच्या आयांकडे वाढवली. पिल्लांचे आवाज बहुतांशी आपापल्या जातीचेच राहिले, पण दत्तक आया ते परके आवाज ओळखायला शिकल्या. माकडवाल्याला व्यवहारात उमगलेली गोष्ट इथे प्रयोगाने सिद्ध झाली: माकडाचा कान शिकतो, कंठ फारसा शिकत नाही.

कंठाची ही अडचण घडणीची असावी, असे 1969 साली फिलिप लीबरमन यांनी मांडले होते. पण टेकम्से फिच, आसिफ गझनफर आणि सहकाऱ्यांनी 2016 साली क्ष-किरण चित्रफितींवरून दाखवले, की मकाकाच्या घशा-तोंडातून अनेक वेगळे स्वर निघू शकतात. मग उणीव मेंदूच्या ताब्यात दिसते. माणसात मेंदूच्या बाह्यकापासून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत थेट जोडणी आहे. माकडांत ती जवळजवळ नाही. ऐकून अर्थ लावण्याची शक्ती आपल्या पूर्वजांत फार जुनी असावी. ऐकलेले तसेच्या तसे उच्चारण्याची आणि शब्दाला शब्द जोडण्याची ताकद नंतर आली.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माकड पकडण्या-पाळण्यावर निर्बंध आले. 1998 साली केंद्र सरकारने माकडासह काही प्राण्यांच्या खेळांवर बंदी घातली आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. माकडाची दोरी सुटली, हे योग्यच झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या प्राण्याचा कान ओळखून पोट भरणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा शोधावा लागला, आणि त्यांच्याजवळचे ते ज्ञान कुणी लिहून ठेवण्याआधीच गावोगावच्या चौकांतून डमरूबरोबर ओसरत गेले.